शंकेला जागा हवी

मे महिन्याची सुटी आता केवळ आजोळी जाण्यापुरती राहिलेली नाही. परीक्षा संपताच शिबिरांचे फलक झळकू लागतात आणि पालक सोय, शुल्क व जेवणखाण पाहून मुलांची नावे नोंदवतात. तेथे मुलांच्या मनात काय पेरले जाते, ही चौकशी मात्र क्वचितच होते. तिचे महत्त्व ज्यांना पटवून घ्यायचे असेल, त्यांनी हायडी युइंग व रेचेल ग्रेडी यांनी दिग्दर्शित केलेला ‘जीझस कॅम्प’ हा २००६ सालचा अमेरिकन माहितीपट अवश्य पाहावा. ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या या माहितीपटात उत्तर डकोटा राज्यातील डेव्हिल्स लेक येथे बेकी फिशर या धर्मोपदेशिकेने भरवलेल्या शिबिराचे चित्रण आहे.

कुमारवयाच्या उंबरठ्यावरची ही मुले तेथे गातात, नाचतात, हात उंचावून प्रार्थना करतात. पापाच्या जाणिवेने ती हमसून हमसून रडतात. पुठ्ठ्याच्या जॉर्ज बुश यांच्यासमोर त्यांच्याकडून राष्ट्राध्यक्षांसाठी प्रार्थना करून घेतली जाते. गर्भपाताविरुद्धच्या राजकीय लढ्याची दीक्षाही दिली जाते. या साऱ्या गदारोळात एक मुलगा मात्र निराळेच बोलतो. देव दिसत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवणे आपल्याला फार कठीण जाते, अशी कबुली तो रडत रडत देतो. त्या वयातला तो अत्यंत प्रामाणिक उद्गार आहे. परंतु त्या मांडवात शंका हा पापाचाच प्रकार ठरतो. त्या मुलाची शंका त्याला अश्रू ढाळत, अपराध्यासारखी सांगावी लागते.

या माहितीपटावरून साऱ्या ख्रिस्ती समाजाची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. त्यातच माइक पापांतोनिओ हे स्वतः ख्रिस्ती असलेले नभोवाणी निवेदक या प्रकारावर कठोर टीका करतात. पुढे टीकेची झोड उठल्यानंतर ते शिबिर बंदही पडले. आक्षेप येशूच्या उपासनेवर नाही. ज्याला अजून नकार देता येत नाही, त्याच्याकडून आयुष्यभराचा होकार वदवून घेण्याच्या पद्धतीवर तो आहे.

ही पद्धत एखाद्या बाईच्या अतिउत्साहातून आलेली नव्हे. ‘१०/४० खिडकी’ ही धर्मप्रसाराची संकल्पना आपल्या वाचकांना परिचित आहे. तिचे प्रवर्तक लुइस बुश यांनीच २००९ साली ‘४/१४ खिडकी’ची मोहीम हाती घेतली. आधीची खिडकी भूगोलाची होती. ही वयाची आहे. चार ते चौदा या वयात मन सर्वांत ग्रहणक्षम असते, म्हणून प्रयत्न तेथे एकवटावेत, हे तिचे उघड सूत्र आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींच्या धर्मात हस्तक्षेप होणार नाही, अशी हमी होती. तिचा भंग होत असल्याचे जाणवताच १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला; ‘केसरी’नेही कोरडे ओढले. पण विधवांच्या शिक्षणाचा प्रश्न त्याने सुटला नाही. तो सोडवायला धोंडो केशव कर्वे पुढे आले आणि १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम उभा केला. त्यांच्या पत्नी बाया याच शारदा सदनात शिकल्या होत्या. निषेध आवश्यक होता. समाजाला पुढे नेले ते आश्रमाने.

आजही तोच मार्ग आहे. शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही, असे राज्यघटनेचे २८वे कलम सांगते. सुटीतल्या खासगी शिबिराला हे कुंपण नाही; तेथे दक्षता पालकांनीच घ्यावयाची. पण दक्षता हे अर्धेच काम झाले. चौदा वर्षांचा मुलगा अशा मेळाव्यात रमतो तो धर्मतत्त्वांसाठी नव्हे. तेथे त्याला मित्र भेटतात, त्याच्या आवाजाला व्यासपीठ मिळते, कोणीतरी मोठे माणूस त्याच्याशी तासभर बोलते. आपल्या घरात ‘देव खरंच आहे का?’ असे त्याने विचारले, तर ‘फार शहाणा झालास!’ याखेरीज त्याला कोणते उत्तर मिळते?

वास्तविक आपली परंपरा प्रश्नाला भिणारी नाही. ‘आपण देव पाहिला आहे काय?’ हा नरेंद्राचा प्रश्न श्रीरामकृष्णांना उद्धटपणाचा वाटला नाही. गीतेचा आरंभच अर्जुनाच्या संभ्रमातून होतो आणि सारे सांगून झाल्यावर भगवंत निर्णय त्याच्यावरच सोपवतात. हा वारसा भाषणात मिरवणे सोपे आहे. आपल्या संस्कारवर्गांत आणि शिबिरांत तो उतरला आहे काय, हे कार्यकर्त्यांनी तपासले पाहिजे. तेथेही मुलांकडून केवळ घोषणा पाठ करून घेतल्या जात असतील, समारोपाच्या भारावलेल्या क्षणी न कळणारे संकल्प सोडवले जात असतील, तर डेव्हिल्स लेकच्या शिबिराला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. या सुटीत प्रत्येक शिबिरात एक तास मुलांच्या मोकळ्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि त्या तासाला आपल्यातील सर्वांत जाणत्या कार्यकर्त्याला बसवावे.