महानगराचे गावकूस : एम-पूर्व प्रभाग

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. गावकुसाबाहेरचे जगणे झुगारून आपल्या आजी-आजोबांनी मुंबई गाठली. पण मुंबईनेही आपले गावकूस उभारले. महापालिकेचा एम-पूर्व प्रभाग, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, ट्रॉम्बे, हा त्या गावकुसाबाहेरचा भाग आहे.

पूर्वेला ठाण्याची खाडी आणि खारफुटी, मधून हार्बर रेल्वे. मानखुर्दनंतर पूल ओलांडला की वाशी. मुंबईला जे जवळ नको होते, ते ती या टोकाला ढकलत गेली. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडतो. १९७१मध्ये कत्तलखाना आला, पुढे रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प आला.

माणसेही अशीच आणली गेली. १९७६मध्ये, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी पाडून हजारो लोकांना चित्ता कॅम्पला हलवले. नंतर रस्ते व रेल्वे प्रकल्पांत उठवलेली कुटुंबे लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये आली. तिथल्या इमारती इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. अशा घरांत क्षयरोग फोफावतो. २०११च्या जनगणनेत प्रभागाची लोकसंख्या आठ लाखांवर होती. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात मात्र तो सर्व प्रभागांत तळाला होता. ही गरिबी इथल्या लोकांच्या सवयींतून आलेली नाही, ती नियोजनातून आली आहे.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावी पुनर्विकासासाठी देवनार कचराभूमीची १२४ एकर जागा देण्याचा निर्णय घेतला. धारावीत घर मिळण्यास जे अपात्र ठरतील, त्यांना बाहेर पाठवायचे आहे. म्हणजे उठवायचे गरिबांना आणि वसवायचे कचऱ्याच्या जागेवर, हीच जुनी रीत.

आम्ही घरांच्या विरोधात नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आधी जमीन, पाणी आणि हवेची तपासणी होऊन अहवाल मराठीत जाहीर व्हावा. शाळा, दवाखाना आणि बस घरांच्या आधी यावी. जनसुनावणी वस्तीतच व्हावी.

धारावीतून येणारा माणूस आपला प्रतिस्पर्धी नाही. तोही आपल्यासारखाच ढकललेला आहे. म्हणून वस्तीतल्या प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास प्रभागाचा विकास आराखडा वाचला जावा. शेजारच्या मुस्लिम, मातंग आणि उत्तर भारतीय कुटुंबांनाही त्या बैठकीला बोलवावे. आराखडा समजला, तरच त्यावर वेळेत हरकत घेता येईल.