लॅपटॉप म्हातारा झाला काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे पाठबळ थांबविले आणि अनेकांनी आपल्या लॅपटॉपवर विंडोज ११ घेतली. तेव्हापासून एकच रड कानी येते, लॅपटॉप मंदावला! दुकानदाराचे निदानही ठरलेले: "जुना झाला, नवा घ्या." धान विकून आलेल्या पैशातून मुलाला यंत्र घेऊन देणाऱ्या आपल्या मोहाडी तालुक्यात हे वाक्य इतक्या सहज उच्चारले जावे, याची मला चीड येते.

विंडोज ७ च्या ३२ बिटी आवृत्तीला १ जीबी रॅम पुरत असे. विंडोज ११ किमान ४ जीबी मागते आणि तेवढ्यावर कशीबशी चालते. बैल तेच, बंडीत पोती मात्र चौपट! मग बैलाला म्हातारा का म्हणावे?

पहिले दोन-चार दिवस धीर धरावा. नवी प्रणाली आल्यावर यंत्र सर्व फायलींची शोधसूची नव्याने तयार करते, राहिलेली अपडेट्स उतरवून घेते. त्या काळात ते रेंगाळणारच. नंतर टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी पाहावी. लॅपटॉप सुरू होताच न बोलावता जागी होणारी मंडळी तेथे सापडतात. नको असतील ती बंद करावीत. (दोन-दोन अँटिव्हायरस घालणारे बहाद्दरही आपल्यात आहेतच!) सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर मोकळा करावा. एवढ्यानेही भागले नाही आणि आत फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असली, तर बहुधा दोष तिचाच. तिच्या जागी एसएसडी बसविली की तेच यंत्र ओळखू येत नाही आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने फारच थोडा. मात्र आधी आपली प्रमाणपत्रे, प्रकल्प, फोटो दुसरीकडे उतरवून ठेवावेत.

टीपीएम २.० नसल्यामुळे ज्यांचे यंत्र विंडोज ११ स्वीकारतच नाही, त्यांनी लिनक्स वापरून पाहावे. केरळच्या सरकारी शाळांनी ते वर्षानुवर्षे वापरले. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्सप्रणाली तयार केली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला टंकलेखन, वाचन आणि शिष्यवृत्तीचा अर्ज यापलीकडे रोज असे काय लागते?

मोहाडी-आंधळगावचे विणकर माग अडला म्हणून नवा माग मागवीत नाहीत. आधी दोष शोधतात. आपण पदवीचे विद्यार्थी मात्र चार पेच उघडायला भितो. महाविद्यालयाने प्रत्येक सत्रात एक दुपार या कामासाठी राखून ठेवावी, अशी माझी मागणी आहे. संगणक कक्षातील जुन्या यंत्रांपासूनच सुरुवात करता येईल.