दोष यंत्राचा नव्हे

दुर्गाघाटावरील एका मराठी घरी आडव्या पोथीची संगणकावर जुळविलेली प्रत पाहिली. पान उलटताच मागचा मजकूर डोके खाली! ‘प्रिंटर असेच काढतो’, हे मुद्रकाचे उत्तर. फाईलच्या टॅगने डावीकडील अक्षरे गिळली की आमच्या कार्यालयांतही हेच ऐकू येते. मला ते सपशेल अमान्य आहे. आडवा कागद मांडणीत निवडला, तसा छापतानाही निवडावा लागतो. पोथी खालून वर उलटते, म्हणून दुहेरी छपाई लांब कडेवर उलटणारी हवी. जुने लेखनिक समास शोभेसाठी सोडीत नसत. सुटलेला शब्द तेथेच भरला जाई. या प्रतीत तर बोट ठेवायलाही जागा नव्हती. अखेर यजमानांनी पाठाला जीर्ण पोथीच उघडली.