आखडते चलन, वाढते कर्ज

बिटकॉइन या डिजिटल चलनाची एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांपेक्षा अधिक कधीच होणार नाहीत, अशी त्याची रचना आहे. सरकारला मनमानी चलनवाढ करता येणार नाही आणि गरीब महागाईत भरडला जाणार नाही, असा त्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. महागाईने मजुराची भाकरी आखडते, यात वाद नाही. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू नांदेड-लातूरच्या मोंढ्यात दिसते.

2009 पासून या नाण्यांची संख्या वाढत आली आहे. 2024 नंतर ही वाढ वर्षाला एक टक्क्याहून कमी झाली असून पुढे ती थांबणार आहे. उत्पादन व व्यवहार वाढत जावेत आणि चलन मात्र तेवढेच राहावे, तर नाण्याचे मोल चढते, म्हणजेच मालाचा भाव उतरतो. हाच चलनसंकोच होय.

त्याचा भार ऋणकोवर पडतो. पेरणीच्या वेळी सोयाबीनचा भाव क्विंटलला 5 हजार रुपये असताना शेतकऱ्याने 50 हजार उचलले, तर ते कर्ज 10 क्विंटलांचे. सुगीत भाव 4 हजारांवर आला की तेच कर्ज साडेबारा क्विंटलांचे होते, व्याज निराळेच. चलनसंकोचात ही आपत्ती नियमच बनते.

याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. 1927 साली ब्रिटिश सरकारने रुपयाचा दर 18 पेन्सांवर बांधला. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव सुमारे निम्म्यावर आले, तरी तो दर सोडला नाही. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील हाली सिक्काही याच रुपयाशी जोडलेला होता. भाव कोसळले, पण कर्जाचे आकडे जागच्या जागी राहिले. 1931 पासून देशातील खेड्यापाड्यांतले सोने मोडून परदेशी गेले. लाभ धनकोचा झाला.

शिवाय नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरांवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात 17 हजारांखाली आले. अशा सट्ट्याच्या वस्तूत मजुरी वा हमीभाव ठरवणार कसा?

महागाईवरचा उपाय निर्देशांकाशी जोडलेली मजुरी, हमीभावाने खरेदी आणि स्वस्त पतपुरवठा हा आहे. चलनाचे धोरण लोकांना जाब देणाऱ्या संस्थांच्याच हाती हवे. त्या चुकतात, तेव्हा त्यांना जाब विचारता येतो. गणिती सूत्रावर मोर्चा नेता येत नाही.