फळ्यावरचा स्फटिक

घनपदार्थाचे कण आपापल्या जागीच थरथरतात, जागा सोडत नाहीत, असे आपण वर्गात शिकतो. लोहाराच्या ऐरणीभोवती पडलेली काळी खपली पाहिली, की हे वाक्य अपुरे वाटते.

सुमारे ५७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड तापले, की या खपलीचा आतला, सर्वांत जाड थर फेरस ऑक्साइडचा बनतो. पुस्तकातल्या सूत्रात लोह आणि ऑक्सिजन एकास एक. प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या १०० आयनांमागे लोहाचे आयन ९५च्या आसपास. बाकीच्या जागा रिकाम्या! शेजारचा लोह-आयन अशा जागेत उडी घेतो, मग त्याच्या जागी तिसरा येतो. अशा उड्या घेत लोह हवेकडे सरकते. यालाच विसरण म्हणतात.

१९२९ साली पोलादावर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडचा लेप देऊन ते तापवले गेले. लेप खपलीच्या पोटात गाडलेला सापडला. लोहच त्याला ओलांडून बाहेर आले होते!

म्हणून शिक्षकमित्रांनो, फळ्यावर स्फटिक काढाल तेव्हा त्यातले दोन-चार ठिपके खुशाल पुसा. कोणीतरी विचारीलच, "सर, इथला कण कुठे गेला?"