आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते?

मंडळी, डिसेंबर लागला की आमच्या मुळशीत एक वाक्य हमखास कानावर पडतं आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. "आपल्याकडे कुठे एवढी थंडी असते?" हे म्हणणारा माणूस सहसा सकाळी दहा वाजता, कोवळ्या उन्हात, चहाचा ग्लास हातात धरून उभा असतो. त्याला एकदा पहाटे साडेपाचला, हातमोजे न देता, माल्याहून पौडपर्यंत शंभर सीसीच्या गाडीवर पाठवा. पौडला उतरल्यावर शर्टाचं वरचं बटण लावायला सांगा. लागलं तर मी हा ब्लॉग बंद करतो.

पुण्यात शिवाजीनगरला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद झाली होती. तो झाला विक्रम, तो सोडून द्या. साधी दहा अंशांची पहाट घ्या. दर हिवाळ्यात अशा कितीतरी पहाटा येतात. दहा अंशांत ताशी ६० किलोमीटरने गाडी चालवली की उघड्या कातडीला ती हवा पाच अंशांसारखी लागते. हे माझं मत नाही, हवामानवाल्यांच्या सूत्रात आकडे घालून कुणीही काढू शकतो. आणि त्या वाऱ्याच्या अगदी पुढे, सगळ्यात उघडी, शरीरापासून सगळ्यात लांब काय असतात? बोटं. ज्या बोटांनी ब्रेक आणि क्लच दाबायचा तीच.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. बोटं बधिर असल्यामुळे ब्रेक दाबायला फक्त अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे घोटावड्याकडून माणकडे जाताना धुक्यात अचानक समोर उगवणारी उसाची ट्रॉली आणि तुम्ही, यांच्यामधलं सगळं अंतर. गळीत हंगाम नेमका याच महिन्यांत असतो. ट्रॉलीला मागे दिवा असलाच तर देवाची कृपा.

पण मी हे लिहायला बसलो ते नुसत्या बोटांसाठी नाही. बोटांचा एक जोडीदार आहे, त्याच्याकडे कुणीच बघत नाही. तो म्हणजे क्लचची आणि पुढच्या ब्रेकची वायर.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पडला. एका दिवसात! पिरंगुट-पौड भागात इतका नसतो, तरी चार महिने गाडी भिजते ती भिजतेच. पाणी वायरच्या नळीत वरून शिरतं, आत गंज धरतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात बाहेरून सगळं कसं छान कोरडं दिसतं. वायर हळूहळू जड होत जाते. इतकी हळूहळू, की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. मग जानेवारीत एका पहाटे अशी जड वायर आणि अशी बधिर बोटं एकाच लिव्हरवर भेटतात. मुळशीतली थंडी धोक्याची आहे ती या भेटीमुळे. बर्फ पडायची गरज नाही.

आणि यावर आपण काय करतो? दिवाळीची सर्व्हिसिंग! हा एक स्वतंत्र विनोद आहे. गाडी गॅरेजला जाते, मोठ्या प्रेशरने धुतली जाते (म्हणजे उरलंसुरलं पाणीही बेअरिंगपर्यंत पोचवलं जातं), इंजिन ऑइल बदलतात, सीटला चमक येईल असं काहीतरी फासतात आणि चेनवर कुणाच्या तरी इंजिनातून काढलेलं काळं ऑइल ओततात. त्या ऑइलवर आठ दिवसांत रस्त्याची धूळ बसते आणि चेनला पॉलिश पेपर लावल्यासारखा परिणाम होतो. झेंडूचा हार घातला की मालक खूश. वायर उघडून कुणी बघितलेली नसते. पुढचा ड्रम उघडून लायनरवरचा चिखलाचा थर कुणी पुसलेला नसतो. माझ्या गाडीच्या एका सर्व्हिसिंगच्या बिलावर 'ब्रेक क्लीनिंग' असं लिहिलेलं होतं आणि ड्रमच्या नटावरचा जुना चिखल जसाच्या तसा होता. गॅरेजचं नाव सांगत नाही, कारण हे एकाच गॅरेजचं दुखणं नाही.

खरं तर काम किती आहे? वायर सोडवायची, टांगायची, वरच्या तोंडाला कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा कोन बांधून पातळ तेल सोडायचं आणि खालून थेंब येईपर्यंत थांबायचं. आत तार तुटायला लागली असेल तर नवी घालायची. शंभर सीसीच्या गाडीची क्लच वायर ही काही सोन्याची नसते. चेन रॉकेलने किंवा डिझेलने पुसून नव्वद नंबरचं ऑइल लावायचं आणि जास्तीचं फडक्याने टिपून घ्यायचं. रविवारची एक सकाळ. तेवढ्यात आमचे पिताश्री "आज आंघोळ आहे की नाही?" असं तीनदा विचारतात, बाकी त्रास नाही.

दुसरीकडे इंटरनेटवरचे विद्वान. 'हिवाळ्यात मोटारसायकलची निगा' म्हणून शोधा, काय सापडतं? गाडी झाकून ठेवा, टाकी गच्च भरा, बॅटरी चार्जरला लावा आणि वसंत ऋतूची वाट बघा. अहो, हे युरोप-अमेरिकेतल्या, बर्फावर मीठ टाकणाऱ्या रस्त्यांचं शास्त्र आहे. आपल्याकडे गाडी झाकायचा मोसम असलाच तर तो जुलै. हिवाळा हा आपला गाडी चालवायचा मोसम! पण मराठीतसुद्धा हीच यादी भाषांतर करून छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला यातलं काही लागू नाही, म्हणजे आपल्याला काहीच करायला नको.

हाच गोंधळ गाडी गरम करण्याचा. शनिवारी पहाटे चांदणी चौकात जाऊन बघा. ताम्हिणीला निघालेले बुलेटवाले दहा-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभे असतात. दहा अंशांत इंजिनाला काहीही होत नाही. कार्बोरेटरची जुनी गाडी असेल तर चोक ओढा, अर्धा-एक मिनिट थांबा आणि पहिले दोन किलोमीटर सबुरीने जा. चालताना ती उभ्यापेक्षा लवकर गरम होते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, ते थंडीत लवकर उडत नाही, म्हणून जुन्या गाड्या आणखी एक-दोन किका जास्त मागतात, इतकंच. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर बहुतेक गाड्यांना इंजेक्शन आलं, त्यांना तर चोकच नाही. इंजिनाची एवढी काळजी आणि हवा? ती दुपारी पंपावर भरलेली. दुपारी तीस अंशांत पुढच्या चाकात २५ पौंड भरा, पहाटे दहा अंशांत ती साडेबावीसच्या आसपास येते. आपल्या हिवाळ्याची खोड ही आहे, की एकाच दिवसात तो वीस अंश फिरतो. म्हणून हवा सकाळी, चाक थंड असताना बघायची. हे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात.

असो. बुलेटवाल्यांची मला तशी चिंता नाही. त्यांच्याकडे जॅकेट असतं, हातमोजे असतात आणि कंटाळा आला तर ते घरी झोपतात. मुळशीच्या थंडीत खरी गाडी चालवतात ते दुधाच्या किटल्या बांधून निघणारे आणि पिरंगुटच्या कंपन्यांत सकाळची पाळी गाठणारे. हिंजवडीला रात्रपाळी संपवून परतणारेही त्यात आले, मीही त्यातलाच. (हो, हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते. आयटीवाल्यांना हे सांगितलं की ते दचकतात.) यांच्या छातीशी शर्टाच्या आत वर्तमानपत्र असतं. ते ठीक आहे, वारा अडतो. हातात मात्र काही नसतं. कंपनीच्या गेटच्या आत सुरक्षेचे बूट, गॉगल, मोजे सगळं सक्तीचं. त्याच माणसाने गेटपर्यंत यायचं मात्र उघड्या हातांनी, आणि त्याचा सुरक्षेशी काही संबंध नाही म्हणे! सेफ्टीच्या सप्ताहात पेढे आणि भित्तिचित्रांवर जो खर्च होतो, त्यात माणशी एक जोड बसेल की नाही याचा हिशोब आमच्या ब्लॉगर मित्रांपैकी कुणी कारखान्यात व्यवस्थापक असेल तर त्याने करून बघावा.

आता नातेवाईक मंडळींसाठी. मामा, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. "माकडटोपीवर हेल्मेट बसत नाही" हे कारण चालणार नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी सक्ती कडक केली तेव्हा तुम्ही विरोधाच्या बाजूने तावातावाने बोलत होतात. कायदा १९८८ चा आहे, तो तुमच्या-माझ्या भांडणाने बदलत नाही. पण कायदा बाजूला ठेवा. बंद हेल्मेटइतकी चांगली कानटोपी आजवर कुणी शिवलेली नाही. काच धुरकटते म्हणता? बोटभर उघडी ठेवा.

आणि तुमच्या गाडीची क्लच वायर मी परवा दाबून बघितली. येत्या रविवारी येतोय, तेल घेऊन. मामीला म्हणावं, नाश्त्याला पोहे चालतील.