स्वप्नाळू मुलीचा कैवार

खेड्यातली, कादंबऱ्या वाचणारी, आपल्याच तंद्रीत असणारी मुलगी हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. थट्टा करून झाली की घरची माणसे तिच्यासाठी स्थळ पाहू लागतात. "बाई, पोरगी लईच पुस्तकं वाचायली. आता उजवून टाकलेली बरी." विष्णुपुरीच्या आसपासच्या पालकांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, वाचन हा एखादा ताप असावा आणि लग्न हा त्यावरचा काढा, असे कोणालाही वाटावे. हे बोलणारे सगळेच अडाणी नसतात. चांगले शिकलेसवरलेले गृहस्थही बोलतात, आणि वर पुराव्यादाखल साहित्याचे दाखले देतात. वाचकहो, आजचे माझे भांडण या दाखल्यांशी आहे.

पहिला दाखला हमखास जेन ऑस्टिनचा असतो. कादंबऱ्या वाचून डोके फिरलेल्या मुलीची तिनेच नाही का फजिती केली, असे विचारतात. केली, हे खरे. पण पुस्तक शेवटपर्यंत वाचावे लागते.

जेन ऑस्टिन ही हॅम्पशरमधल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाची मुलगी. जन्म १७७५चा, मृत्यू जुलै १८१७चा. राजा वेडा झाल्यामुळे युवराज कारभार पाहत होता, त्या १८११ ते १८२०च्या काळात तिच्या कादंबऱ्या छापल्या गेल्या. इकडे तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव अखेरचे दिवस मोजत होता आणि आमचे नांदेड निजामाच्या अमलाखाली होते. तिच्या पहिल्या पुस्तकावर लेखिकेचे नावच नव्हते. 'एका स्त्रीने लिहिलेले' एवढेच होते. 'नॉर्थँगर ॲबी' ही कादंबरी तिने १८०३ साली दहा पौंडांना विकली. घेणाऱ्याने ती छापलीच नाही. अखेर ती बाहेर आली १८१७ सरताना, बाई गेल्यानंतर.

त्या कादंबरीतली कॅथरीन सतरा वर्षांची, खेड्यातली, भुताखेतांच्या आणि पडक्या वाड्यांच्या गोष्टींत रमणारी. एका बड्या घरी ती पाहुणी म्हणून जाते आणि यजमान सेनापतीने आपल्या बायकोचा खून केला असावा, असे मनाशी ठरवून टाकते. तसे काही नसते. पोरीला मेल्याहून मेल्यासारखे होते. आमचे टीकाकार इथेच पुस्तक मिटतात. पण पुढे काय होते? मुलगी समजलो होतो तशी पैसेवाली नाही, हे कळताच तोच सेनापती तिला भल्या सकाळी घराबाहेर काढतो. सत्तर मैलांचा प्रवास, बरोबर नोकर नाही. यजमानाच्या मुलीने ऐनवेळी पैसे दिले नसते तर तिच्याजवळ वाटखर्चालाही पैसे नव्हते. म्हणजे माणूस ओळखण्यात कॅथरीन चुकली नव्हती. तिने फक्त गुन्हा चुकीचा ठरवला होता. कादंबऱ्या न वाचणाऱ्या किती शहाण्या मुलींना सासरची माणसे इतकी तरी ओळखता येतात?

दुसरी मेरिअन, 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'मधली. तिला गळलेली पाने आवडतात, कविता आवडतात, आणि पाय मुरगळल्यावर उचलून घरी आणणारा विलोबी तर फारच आवडतो. तो तिला सोडून पन्नास हजार पौंडांची वारस असलेल्या मुलीशी लग्न करतो. यात स्वप्नाळूपणा कोणाला नडला? मेरिअनचे वडील वारताच घर आणि जमीन सावत्र भावाकडे गेली. आई आणि तिन्ही मुली वर्षाला पाचशे पौंडांवर आल्या. ऑस्टिनबाई हिशेबाला पक्क्या होत्या. प्रत्येक पात्राचे उत्पन्न त्या आपल्या दुकानदाराच्या वहीसारखे मांडून ठेवतात, आणि मुलींची दैना कवितांनी नव्हे, वारसाहक्काने केली हे कोणी न सांगता कळते. पुढे त्यांनी मेरिअनला सदतिशीतल्या कर्नलच्या पदरात घातले, ते मात्र मला आजही पटत नाही.

खुद्द ऑस्टिनबाईंना डिसेंबर १८०२ मध्ये मोठ्या जमीनदारीच्या वारसाची मागणी आली होती. रात्री त्यांनी होकार दिला आणि सकाळी मोडला. हाती पैसा नाही, वय जवळपास सत्तावीस. आमच्याकडे असे झाले असते तर दोष पुस्तकांच्या माथी मारला असता, यात मला शंका नाही.

आता आपल्याकडे पाहू. १८५७चे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' विधवांच्या दुःखावर आहे. १८९०ला सुरू झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधली यमू लहानपणीच सासरी जाते. आपल्या जुन्या कादंबरीत मेरिअन का नाही, याचे उत्तर फार साधे आहे. मेरिअनला प्रेमात पडायला सोळावे-सतरावे वर्ष तरी मिळाले. आमच्या मुलीला ते वय कुमारिका म्हणून मिळतच नव्हते. परकर सुटला की लुगडे. मधली जी चार-पाच वर्षे मनोराज्याची असतात, ती समाजाने तिच्या आयुष्यातून कापूनच टाकली होती.

अशाही स्थितीत काशीबाई कानिटकर निपजल्या. जन्म १८६१, गाव आष्टे, नवव्या वर्षी लग्न. शिकल्या त्या लग्नानंतर, घरच्यांच्या नजरा चुकवत. पुढे 'रंगराव' कादंबरी लिहिली, डॉक्टर आनंदीबाई जोशींचे चरित्र लिहिले. त्यांना वाचनाने बिघडवले म्हणायचे का? १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा अविवाहित, शिकलेल्या मुलीला मन असते एवढे लिहिण्यासाठी मालतीबाई बेडेकरांना विभावरी शिरूरकर हे नाव घ्यावे लागले, तरीही वादळ उठलेच. सव्वाशे वर्षांनंतरही आपली लेखिका 'एका स्त्रीने लिहिलेले' इथेच उभी होती.

आमच्या मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी. मुलीचे वय चौदा ठरवणारा १९२९चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आम्ही निजामाची प्रजा. सरकारी शिक्षण उर्दूतून, म्हणजे मुलीच्या हाती मराठी पुस्तक पडायचे तर घरचेच कोणी हौशी असावे लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले. आज माझ्या विष्णुपुरीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठ आहे, गोदावरीवर धरण आहे. कायद्याने वय अठरा होऊनही कित्येक वर्षे लोटली. आणि तरी २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के अठरा पूर्ण होण्याआधीच बोहल्यावर चढलेल्या निघाल्या. या सगळ्या काय कादंबऱ्या वाचून बिघडल्या होत्या? त्यांतल्या पुष्कळ जणींच्या घरात पंचांगाखेरीज पुस्तक नसेल. दुष्काळ, ऊसतोडीला जाताना मागे राहणारी वयात आलेली मुलगी, वय वाढेल तसा वाढणारा हुंडा ही कारणे पालकांना पक्की ठाऊक आहेत. पण ती उघड बोलायची लाज वाटते, म्हणून पुस्तकाचे नाव घ्यायचे. हल्ली पुस्तकाच्या जागी मोबाईल आला आहे, एवढाच फरक.

एक आक्षेप मात्र मी टाळणार नाही. पोरगी वाचेल, भुलेल, कोणा विलोबीच्या मागे जाईल, ही आईची भीती खोटी नाही. असे विलोबी नांदेडच्या बसस्टँडवरही भेटतात. पण मेरिअनचे काय झाले? फसली, तापाने फणफणली, बहिणीने उशापायथ्याशी बसून तिला वाचवले, कोणी तिला घराबाहेर काढले नाही. आणि तिचे लग्न झाले एकोणिसाव्या वर्षी. आपल्याकडे एकोणिसाव्या वर्षी किती जणींच्या कडेवर दुसरे मूल असते, ते दहावीचा जुना हजेरीपट घेऊन वाडीवस्त्यांवर हिंडल्याशिवाय कोणाला कळायचे नाही.